नांदण्याचा हुकूम

'ही नोटीस मिळाल्यापासून पंधरा दिवसांच्या आत नांदावयास यावे.' तालुक्याच्या कोर्टाच्या आवारात वकिलांच्या टेबलावर अशी वाक्यं आजही टाईप होतात. पाकीट माहेरच्या पत्त्यावर पोचतं. सही घेऊन पोस्टमन निघून जातो आणि घर गप्प होतं. कागदावर 'कलम ९' लिहिलेलं असतं. ते कलम कुठून आलं, हे पाहायचं तर एकशे चाळीस वर्षं मागं जावं लागतं.

१८८४ साली दादाजी भिकाजी यांनी मुंबई हायकोर्टात बायकोविरुद्ध दावा लावला. बायकोनं नांदायला यावं, एवढीच त्यांची मागणी होती. त्या बायकोचं, रखमाबाईंचं, लग्न अकराव्या वर्षी झालं होतं. सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन यांच्या घरी त्या वाढल्या, शिकल्या आणि या नवऱ्याकडे जायला त्यांनी ठाम नकार दिला. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्ही यांनी निकाल त्यांच्या बाजूनं दिला. अजाण वयात लग्न झालेल्या स्त्रीला, तिची इच्छा नसताना, नवऱ्याच्या घरी धाडायला त्यांचं मन तयार नव्हतं. हा उपाय मुळात इंग्लंडच्या धर्मन्यायालयांतून आलेला, हिंदू शास्त्रात त्याला आधार नाही, हेही त्यांनी दाखवून दिलं. तरी धर्म बुडाला म्हणून ओरड झालीच, आणि 'केसरी' रखमाबाईंच्या विरोधात उभा राहिला.

अपिलात निकाल फिरला. मार्च १८८७ मध्ये हुकूम झाला: नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात. रखमाबाईंनी तुरुंगाची तयारी दाखवली. अखेर १८८८ मध्ये दादाजींनी दोन हजार रुपये घेऊन तडजोड केली. रखमाबाई इंग्लंडला गेल्या, डॉक्टर होऊन परतल्या आणि पुढे त्यांनी सुरतेत बायकांवर उपचार केले.

त्यांच्या खटल्यानं पेटलेला वाद विझला नाही. १८९१ मध्ये संमतिवय दहावरून बारा झालं. १९२३ मध्ये नांदायला न जाणाऱ्या बायकोला तुरुंगात टाकण्याची तरतूद गेली. १९२९ च्या शारदा कायद्यानं मुलीचं वय चौदा आणि मुलाचं अठरा ठरवलं. मुंबई प्रांतानं १९४६ मध्ये हिंदू पुरुषाला दुसरी बायको करायला बंदी केली आणि १९४७ मध्ये घटस्फोटाची वाट मोकळी केली. द्विभार्याबंदीला कोर्टात आव्हान मिळालं, तेव्हा १९५१ मध्ये न्यायमूर्ती छागला आणि गजेंद्रगडकर यांनी कायदा उचलून धरला.

मग १८ मे १९५५ रोजी हिंदू विवाह कायदा आला. आधीचा नवरा किंवा बायको हयात नसावी, दोघंही संमती देण्याइतपत शुद्धीत असावीत, ठरलेलं वय पूर्ण असावं, नातं निषिद्ध नसावं. आपल्याकडच्या मामेबहीण-आतेभावाच्या लग्नाला मात्र रूढीच्या आधारानं जागा राहिली. सप्तपदी असेल तिथं सातवं पाऊल पडलं की लग्न पूर्ण. १९७६ मध्ये दोघांच्या संमतीनं घटस्फोट मिळू लागला. १९७८ मध्ये मुलीचं वय अठरा आणि मुलाचं एकवीस झालं. नवराही पोटगी मागू शकतो, हे पुष्कळांना ठाऊक नसतं, पण कायदा पहिल्यापासून ते सांगतो. २००५ च्या कायद्यानं बाईला सामायिक घरात राहण्याचा हक्क दिला. घर नवऱ्याच्या नावावर असलं तरी तिला उचलून बाहेर काढता येत नाही.

एवढं सगळं बदललं, तरी नांदण्याचा हुकूम हिंदू विवाह कायद्याच्या कलम ९ मध्ये तसाच राहिला. ज्या इंग्लंडकडून तो आपण घेतला, त्यांनी १९७० मध्ये कायदा करून तो काढून टाकला. आपल्याकडे १९८३ मध्ये आंध्रच्या हायकोर्टानं हे कलम घटनाबाह्य ठरवलं, पण पुढच्याच वर्षी सुप्रीम कोर्टानं ते कायम ठेवलं. कागदावर ते नवरा-बायको दोघांसाठी आहे. व्यवहारात पोटगीच्या अर्जाला उत्तर म्हणून त्याचा दावा येतो: 'मी न्यायला तयार आहे, तीच येत नाही.' जानेवारी २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टानं या डावाला लगाम घातला. असा हुकूम पाळला नाही, एवढ्याच कारणानं बायकोची पोटगी बंद होत नाही, हे कोर्टानं स्पष्ट केलं. ती का गेली नाही, हे आधी पाहावं लागेल.

रखमाबाई २५ सप्टेंबर १९५५ रोजी वारल्या, हिंदू विवाह कायदा येऊन चार महिने झाले होते तेव्हा. ज्या हुकुमाविरुद्ध त्या तुरुंगात जायला निघाल्या होत्या, तो स्वतंत्र भारताच्या कायद्यात पुन्हा लिहिला गेला होता. कायद्यानं लग्नाला वय दिलं, संमती दिली, सुटण्याची वाटही दिली. आता हे कलमही जायला हवं. अक्षता टाकताना आपण 'सुखाने नांदा' म्हणतो ते दोघांना म्हणतो. पंधरा दिवसांची मुदत घालून एकीलाच ते बजावता येत नाही. रखमाबाईंनी हे आपल्या नकारानं सांगितलं होतं.