घर सांभाळणाऱ्या छोट्या संगणकाला डिस्क कोणती घ्यावी?

ग्वाल्हेरचे लष्कर म्हणजे १८१० च्या सुमारास दौलतराव शिंद्यांच्या छावणीभोवती वाढलेली वस्ती. तिथल्या जुन्या मराठी घरांतून आता बरेचदा आजी-आजोबाच राहतात. मुले पुण्याला, बंगळूरला नाही तर परदेशात. म्हणून रात्री जिन्यातला दिवा आपोआप लागावा, टाकी भरली की मोटर बंद व्हावी, दार उघडे राहिल्यास मुलाच्या मोबाइलवर निरोप जावा, अशी सोय करून देण्यासाठी ओळखीची मंडळी मला बोलावतात.

या कामाला रास्पबेरी पाय हा बँकेच्या कार्डाएवढा संगणक पुरतो. तो २०१२ साली बाजारात आला. त्यावर चालणारी होम असिस्टंट ही प्रणाली २०१३ पासूनची असून ती फुकट मिळते. खरा प्रश्न पुढे येतो: या संगणकाने आपली माहिती साठवायची कशावर?

बहुतेक जण मोबाइलमधले मेमरी कार्ड लावून मोकळे होतात. पण फोटो एकदा काढला की कार्डावर तसाच राहतो. इथे मात्र प्रत्येक दिव्याची, दाराची, तापमानाची नोंद दिवसरात्र होत असते. मुळातली मांडणी दर ५ सेकंदांनी लिहिण्याची आणि १० दिवसांच्या नोंदी ठेवण्याची आहे. कार्डाचे कप्पे ठरावीक वेळाच पुसता येतात. चार अक्षरे लिहायची तरी आतला मोठा भाग हलवावा लागतो, त्यामुळे झीज लवकर होते. त्यात उन्हाळ्यात वीज जाते, आणि नेमकी लिहिताना गेली तर फाइल बिघडते. मग जिना अंधारात राहतो, आणि पुण्यातल्या मुलाला दूरवरून काहीच करता येत नाही. सत्तरीतल्या माणसाला अंधारातली एक पायरी किती महागात पडते, हे सांगायला नको.

तेव्हा पर्याय नीट पाहू. दोन-चार दिवेच असतील तर कार्ड चालेल, पण ते सीसीटीव्हीसाठी बनवलेले टिकाऊ जातीचे घ्यावे. कार्डावर ‘ए१’ खूण असेल तर ते सेकंदाला निदान ५०० छोट्या नोंदी लिहू शकते. पेन ड्राइव्ह या कामाला घेऊ नये. सतत लिहिण्यासाठी तो बनवलेला नसतो. फिरती हार्ड डिस्क स्वस्तात भरपूर जागा देते, पण सुरू होताना जास्त करंट ओढते. रास्पबेरी पाय ४ चे चारही यूएसबी मिळून १.२ अँपिअरच देतात. कॅमेऱ्याचे चित्रण साठवायचे असेल तरच ती घ्यावी, आणि तिला वेगळा अ‍ॅडॉप्टर द्यावा.

मी बहुतेक घरांत साधी साटा एसएसडी यूएसबीच्या डबीत घालून लावतो. २५० जीबी पुष्कळ झाली. खोक्यावर किंवा माहितीपत्रकात ‘टीबीडब्ल्यू’ हा आकडा पाहावा. एकूण किती लिहिणे सोसेल ते तो सांगतो. समजा १०० टीबी आहे आणि रोज १० जीबी लिहिले, तरी हिशेबाने २७ वर्षे होतात. रास्पबेरी पाय ५ ला एनव्हीएमई जातीची वेगवान डिस्क जोडता येते. पण दिवे-मोटरीला तो वेग लागत नाही, आणि ती तापतेही जास्त. ग्वाल्हेरात पारा ४५ च्या पुढे जातो, तेव्हा बंद कपाटात ठेवलेल्या डब्याचे काय होईल, याचा आधी विचार करावा.

एक बारीक गोष्ट. यूएसबी ३ च्या जोडणीतून २.४ गिगाहर्ट्झवर अडथळा येतो, आणि झिगबी जातीची बटणे त्याच लहरींवर बोलतात. म्हणून झिगबीची काडी लांब वायरीने डिस्कपासून दूर ठेवावी. नाहीतर डिस्क नवी आणि बटणे रुसलेली, असा प्रकार होतो.

डिस्क कितीही चांगली असली तरी वीज जाण्याचा धोका पूर्ण टळत नाही. ५ व्होल्टचा छोटा यूपीएस जोडावा. रोजची एक प्रत मुलाच्या संगणकावर आपोआप जाईल, असे करावे. २०२५ च्या जानेवारीपासून होम असिस्टंटमध्ये ही सोय सोपी झाली आहे. मात्र त्या प्रतीला कुलूप असते. त्याची किल्ली म्हणजे अक्षरांची ओळ कागदावर लिहून मुलाकडेही ठेवावी.

एका काकूंनी मला विचारले, “हे सगळं ठीक आहे रे, पण डबा बंद पडला तर दिवा हाताने लागेल ना?” तो लागलाच पाहिजे. जोडणी करणाऱ्याकडून डबा बंद करवून घ्या आणि घरातले प्रत्येक बटण स्वतः दाबून पाहा. मगच पैसे द्या.