तिकीट की छापखान्याचा नमुना?

यवतमाळ, पुसद किंवा वणीतल्या एखाद्या जुन्या अल्बमात देशाचे नाव नसलेले सुबक तिकीट निघाले, की ‘छपाईतली चूक, म्हणजे लाखमोलाची’ असा निष्कर्ष पटकन काढला जातो. तो घाईचा आहे. चुकीच्या तिकिटात एखादा रंग किंवा अंक हुकतो, बाकी चित्र नेहमीच्या तिकिटाशी जुळते; नमुन्याचे चित्र बहुधा कोणत्याच टपाल खात्याचे नसते. ब्रिटनच्या तिकिटांवरही देशाचे नाव नसते हे खरे, पण तिथे राजा-राणीचे मस्तक असते. १८५५ पासून भारताची तिकिटे लंडनमध्ये छापणाऱ्या डे ला रू कंपनीने गिऱ्हाइकांना कारागिरी दाखवायला मिनर्व्हा या रोमन देवतेचे मस्तक छापले होते.

वॉटरलो या दुसऱ्या छपाई कंपनीचे नमुने अधिक फसवे, कारण चित्र खऱ्या तिकिटाचे, रंग मात्र कधीच विक्रीला न आलेला. उन्हाने किंवा रसायनानेही रंग बदलतो, हा आक्षेप रास्तच. म्हणून भिंगाखाली कंपनीचे नाव, ‘स्पेसिमेन’ हा शब्द आणि बारीक गोल भोक शोधावे. नुसता ‘स्पेसिमेन’ पुरेसा नाही. जागतिक टपाल संघटनेमार्फत १८७९ पासून सदस्य देशांना वाटलेल्या अधिकृत तिकिटांवरही तो असे, पण त्यांचा रंग चलनातलाच. ओळख पटेपर्यंत तिकीट पाण्यात घालू नका. मागचा डिंक धुतला गेला, की एक पुरावा कायमचा जातो.