बायका फार बोलतात?

बाई दिवसाला वीस हजार शब्द बोलते आणि पुरुष सात हजार, हा आकडा वर्षानुवर्षं फिरतो आहे. तो कुणी मोजून काढलेला नाही. मोजणी झाली ती अमेरिका आणि मेक्सिकोतल्या ३९६ विद्यार्थ्यांची. त्यांच्याजवळ छोटे रेकॉर्डर दिले होते. २००७ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकाने निष्कर्ष छापले: मुलगे असोत की मुली, सरासरी दिवसाला सुमारे सोळा हजार शब्द. पुढे २०२५ मध्ये बऱ्याच मोठ्या मोजणीत पंचविशी ते साठीच्या वयातल्या बायका काहीशा जास्त बोलताना आढळल्या, तरी माणसामाणसातली तफावत त्याहून कितीतरी मोठी होती.

दुसरा समज मला अधिक घातक वाटतो: ‘बाईला दुखत असतं तर ती बोलली असती.’ डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन गावांत ६५० स्त्रियांची तपासणी केली. १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तक्रार सांगितली ५५ टक्के जणींनी, आणि स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार निघाला ९२ टक्के जणींना. याआधी अशी तपासणी झालेल्या होत्या जेमतेम ८ टक्के. काहींना त्रास जाणवतच नव्हता. पण जिला जाणवतो तिने तरी सांगायचं कुणाला? अंगावरून पांढरं जाण्याबद्दल धानाच्या बांधीत रोवणी करताना शेजारणीशी बोलता येतं. दवाखान्यात परक्या पुरुष डॉक्टरपुढे, सासू बाजूला उभी असताना, जीभ रेटत नाही. बोलकी बाई इथे गप्प होते. तिचं गप्प राहणं म्हणजे ती बरी आहे असं धरून आपण किती आजार अंगावर काढू दिले असतील!

‘गावच्या कारभारात बायकांना बोलायचं नसतं’ असंही म्हणतात. याच पट्ट्यातली दारूबंदीची चळवळ बघा. गडचिरोलीत १९९३ मध्ये बंदी आली. चंद्रपूरसाठी २०१० च्या डिसेंबरात बाया चिमूरहून पायी नागपूरला, हिवाळी अधिवेशनावर गेल्या. १ एप्रिल २०१५ पासून बंदी लागू झाली, २०२१ मध्ये सरकारने ती उठवली. बंदी योग्य होती की नाही यावर मतं वेगळी असतील, पण हा विषय सरकारपुढे लावून धरला तो बायांनीच.

ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घ्यावी, असं महाराष्ट्राचा ग्रामपंचायत कायदा सांगतो. ती कागदावरच उरकली, किंवा मोहफुलं वेचायच्या नाहीतर तेंदूपत्ता तोडायच्या वेळेला ठेवली, तर येणार कोण? धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखात ग्रामसभा बहुमताने नव्हे, सर्वसहमतीने निर्णय घेते. बाईने हरकत घेतली, तर तिची समजूत पटेपर्यंत विषय पुढे जात नाही.