सही जाऊबाईंची, खुर्ची कुणाची?

गेल्या दिवाळीत आम्ही सासरच्या गावी गेलो होतो. माझी धाकटी चुलत जाऊ तिथे सरपंच म्हणून निवडून आलेली. मोठ्या कौतुकाने तिच्यासाठी साडी घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी ती चुलीपुढे भाकऱ्या थापत होती. तेवढ्यात ग्रामपंचायतीचा शिपाई वही घेऊन आला. भाऊजींनी वही तिच्यापुढे धरली. तिने पिठाचे हात पदराला पुसले, त्यांनी बोट ठेवले तिथे सही केली आणि पुन्हा भाकरीला बसली.

"काय होतं गं त्यात?" मी विचारलं.

"कुणास ठाऊक, ताई! ह्यांना सगळं माहीत असतं."

मैत्रिणींनो, मला हसू आलं आणि वाईटही वाटलं. कारण त्या एका सहीमागे केवढा मोठा इतिहास आहे, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. खरं सांगायचं तर मलाही तेव्हा धड माहीत नव्हतं. घरी परत आल्यावर मी पुस्तकं काढून बसले.

घटनेत गाव कसं आलं?

आपल्या राज्यघटनेच्या पहिल्या मसुद्यात ग्रामपंचायतीला जागाच नव्हती. घटना समितीतल्या अनेकांना ते खटकलं. गांधीजींचं ग्रामस्वराज्य कुठे गेलं, असं ते विचारू लागले. डॉ. आंबेडकरांचं मत मात्र वेगळं होतं. गाव म्हणजे अज्ञान, संकुचितपणा आणि जातीयता यांचं आगर, असं त्यांनी नोव्हेंबर १९४८ मध्ये स्पष्ट सांगितलं. गावकुसाबाहेरचं जिणं ज्यांनी पाहिलं, त्यांचं हे बोलणं होतं. ते खोटं कसं म्हणावं? पुढे त्याच महिन्यात के. संथानम यांची दुरुस्ती स्वीकारली गेली आणि घटनेत ४० वं कलम आलं : शासनाने ग्रामपंचायती स्थापन कराव्यात व त्यांना अधिकार द्यावेत.

पण हे कलम मार्गदर्शक तत्त्वांतलं. म्हणजे घरातल्या वडीलधाऱ्यांच्या उपदेशासारखं. ऐकलं तर बरं, नाही ऐकलं तर कोर्टात दाद मागता येत नाही!

महाराष्ट्राने तसा हा उपदेश बराच ऐकला. ग्रामपंचायतींचा कायदा १९५८ सालचा. वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींनंतर १९६२ मध्ये जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या सुरू झाल्या. पण निवडणुका वेळेवर घेण्याचं बंधन कुठे होतं? आपल्याकडे १९७९ नंतर जिल्हा परिषदांची निवडणूक झाली ती थेट १९९२ साली. तेरा वर्षं! तेवढ्या काळात पाळण्यातली मुलगी सातवीत जाते.

उपदेशाचा हक्क झाला

डिसेंबर १९९२ मध्ये संसदेने ७३ वी घटनादुरुस्ती मंजूर केली आणि २४ एप्रिल १९९३ पासून ती अमलात आली. त्याआधी १९८९ मध्ये असाच एक प्रयत्न राज्यसभेत फसला होता. या दुरुस्तीने घटनेतच लिहून ठेवलं, की गावात ग्रामसभा असेल, पंचायतीची मुदत पाच वर्षं, ती मध्येच बरखास्त झाली तर सहा महिन्यांच्या आत निवडणूक, निवडणूक घ्यायला वेगळा राज्य निवडणूक आयोग आणि पैशांची वाटणी सुचवायला वित्त आयोग. पाणी, रस्ते, शाळा, आरोग्य, महिला व बालविकास असे २९ विषय राज्यांनी पंचायतींकडे सोपवावेत म्हणून त्यांची यादी जोडली.

आणि आपल्या दृष्टीने सगळ्यांत मोलाची गोष्ट म्हणजे किमान एक तृतीयांश जागा स्त्रियांसाठी. अनुसूचित जाती-जमातींसाठीही लोकसंख्येच्या प्रमाणात जागा. डॉ. आंबेडकरांच्या मनातल्या भीतीला दिलेलं हे उत्तरच म्हणायचं. महाराष्ट्राने तर १९९० सालीच तीस टक्के जागा स्त्रियांना दिल्या होत्या. २०११ पासून त्या निम्म्या झाल्या.

निम्म्या जागा मिळाल्या. पण खुर्ची मिळाली का?

नवरा सरपंच नव्हे!

जागा बाईसाठी राखीव, अर्ज बाईच्या नावाने आणि सत्काराचा हार नवऱ्याच्या गळ्यात, असं चित्र पुष्कळ गावांत दिसतं. 'सरपंचपती' असं कुठलंही पद कायद्यात नाही, बरं का! बैठकीत त्याला बसण्याचा हक्क नाही, मत देण्याचा तर नाहीच. उद्या हिशेबात घोळ निघाला, तर विचारणा होणार ती जिची सही तिला.

हे सगळं मी जाऊबाईंना फोनवर सांगितलं. आधी ती घाबरली. मग म्हणाली, "ताई, वाण्याच्या यादीवर मी डोळे झाकून कधी पैसे देत नाही. मग इथंच का देते?"

मला तेच तर म्हणायचं होतं! महिन्याचा पगार, दूध, शाळेची फी, पाहुणे, आजारपण हे सगळं ज्या बाईला बसवता येतं, तिला ग्रामपंचायतीचं अंदाजपत्रक का समजू नये? घरपट्टी-पाणीपट्टी किती आली, सरकारकडून काय मिळालं, कशावर गेलं. आकडे मोठे, हिशेब तोच.

आणखी एक सोय आपल्या राज्याच्या कायद्यात आहे. नेहमीच्या ग्रामसभेआधी फक्त स्त्रियांची सभा घ्यायची असते. पुरुषांपुढे तोंड न उघडणाऱ्या बायका तिथे मोकळ्या बोलतात. पण बहुतेकींना ती ठाऊकच नसते.

सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेआधी जाऊबाईंनी ती सभा मंदिरात भरवली. मागचे ठराव मोठ्याने वाचून घेतले. तेव्हा कळलं, की वेशीच्या कमानीचा खर्च आधी धरला होता आणि खालच्या वस्तीतला नळ मागे ठेवला होता. तीही सही तिचीच! दुसऱ्या दिवशी ग्रामसभेत ती स्वतः खुर्चीवर बसली. आवाज कापत होता म्हणे. पण नळाचा ठराव पहिला घेतला. भाऊजी दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी चहा मागितला.

आपण शहरातल्या

आपला काय संबंध, असं म्हणू नका. १ जून १९९३ पासून ७४ व्या घटनादुरुस्तीने नगरपालिकांनाही असंच संरक्षण मिळालं. तरीही २०२२ नंतर राज्यातल्या अनेक महापालिका, नगरपालिका आणि जिल्हा परिषदांवर काही वर्षं प्रशासकच होते. घटनेत लिहिलेलंसुद्धा कुणी मागितलं नाही, तर कपाटातल्या पैठणीसारखं घडीतच राहतं.

तेव्हा सासर-माहेरच्या गावी जाल, तेव्हा एवढं करा :

• घरातली कुणी पंच किंवा सरपंच असेल, तर न वाचता सही करू नकोस, असं तिला सांगा. वाचता येत नसेल, तर दुसऱ्याकडून वाचून घ्यायला सांगा.

• महिलांची सभा होते का, विचारा.

• ग्रामपंचायतीच्या दप्तरी घराची नोंद पती-पत्नी दोघांच्या नावाने करता येते. ती झाली आहे का, पाहा.

आणि साडी नेलीत तर बरोबर एक चांगलं पेनही न्या. मी यंदा तेच नेणार आहे.