म्हाताऱ्यांचा वेगळा पक्ष हवा का?

गेल्या महिन्यात आमच्या वस्तीतल्या कट्ट्यावर पेन्शनचा विषय निघाला. कारखान्यातून निवृत्त झालेले एक काका तावातावाने म्हणाले, "सगळ्यांचे पक्ष झाले. आता आम्हा म्हाताऱ्यांचाच एक काढा, मग बघा सरकार कसं वाकतं!" सगळे हसले. आम्हाला हसू आले नाही. तीस वर्षे घाम गाळून काकांच्या हाती महिना दीड हजारही पडत नाहीत. शेजारच्या मावशींनी जन्मभर धुणीभांडी केली, त्यांना तेवढेही नाही.

वाचकहो, असा प्रयोग हॉलंडात झाला आहे. १९९४ साली तिथल्या सत्ताधारी पक्षाने वृद्धांचे पेन्शन गोठवण्याची भाषा केली. म्हातारे खवळले. त्यांच्या दोन पक्षांनी मिळून १५० पैकी ७ जागा जिंकल्या. पण निवडून आल्यावर आपसांत भांडणे, फाटाफूट, आणि १९९८ साली दोघांचीही पाटी कोरी! इस्रायलमध्ये २००६ साली पेन्शनरांच्या पक्षाला ७ जागा व मंत्रिपदेही मिळाली. २००९ साली एकही जागा नाही.

शिवाय त्या देशांत पक्षाला पडलेल्या एकूण मतांच्या प्रमाणात जागा मिळतात. आपल्याकडे मतदारसंघात ज्याला जास्त मते, तोच निवडून येतो. २०११ च्या जनगणनेत साठीपुढचे लोक दहा कोटींवर होते खरे, पण ते गावोगाव विखुरलेले. कोणत्या एका मतदारसंघात ते बहुसंख्य असणार?

आम्ही कारकुनी करतो, म्हणून आणखी एक गोष्ट दिसते. महागाई भत्त्यासह पेन्शन घेणारे निवृत्त साहेब आणि आमच्या मावशी, दोघेही सत्तरीचेच. पण पक्ष निघाला तर खुर्चीवर कोण बसेल आणि सतरंज्या कोण उचलेल, हे सांगायला नको. केंद्राच्या वृद्धापकाळ पेन्शनमध्ये ६० ते ७९ वयाला महिना २०० रुपये धरले आहेत. त्या साहेबांचे याने काय अडते?

म्हणून आमचे मत असे की पक्ष नको, पण मत मागायला येणाऱ्या प्रत्येकाला आधी या २०० रुपयांचा जाब विचारावा, आणि तो म्हाताऱ्यांबरोबर घरातल्या तरुणांनीही विचारावा. आम्ही काकांना हे सांगितले. त्यांना फारसे पटले नाही. तरी रविवारी ते कागद-पेन घेऊन आले. त्या दिवशी पाच अर्ज लिहून झाले. मावशींच्या वयाचा दाखला तेवढा अजून मिळायचा आहे.