नव्या घरातील ‘एक्स्ट्रा’ : ओले काम आणि कोरडे काम

जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत मालाची पारख हा रोजचा संस्कार आहे. भंगाराचा ट्रक आला की आधी तोलकाटा, मग नमुना आणि त्यानंतर भाव. रोलिंग मिलमधून बाहेर पडणारी बारा मिलिमीटरची सळई मीटरमागे ८८८ ग्रॅम भरली पाहिजे, हे तेथील गुमास्त्यालाही तोंडपाठ असते. १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी याच गावात महिकोची स्थापना केली आणि पुढे बियाण्यांच्या व्यापारात जालन्याचे नाव देशभर झाले. त्या व्यापारानेही पिशवीवरचा लॉट क्रमांक आणि उगवणशक्ती वाचल्याशिवाय माल न उतरवण्याची शिस्त लावली. असे असूनही या पेढ्यांवरील मुरब्बी व्यापारी स्वतःच्या नव्या घराचा प्रश्न आला की, बिल्डरच्या सजवलेल्या नमुना सदनिकेत बसून अर्ध्या तासात सहा-सात लाखांच्या ‘एक्स्ट्रा’ कामांवर सही करून मोकळे होतात. तेथे ना तोलकाटा, ना नमुना.

बिल्डरची ही यादी बहुधा सारखीच असते. मोठ्या आकाराच्या चकचकीत टाइल्स, मॉड्युलर किचन, फॉल्स सीलिंग, भिंतीत बसवायचे नळ, काचेचे शॉवर दालन, मुख्य दरवाजाला सागवानी नक्षी. यांपैकी बहुतेक गोष्टी डोळ्यांना दिसणाऱ्या आहेत, म्हणूनच त्या यादीत आहेत. भिंतीच्या पोटातून जाणारा दुसरा पाइप कोणी काचेच्या कपाटात मांडून दाखवत नाही.

व्यापारी कुटुंबासाठी हा केवळ हौसेचा प्रश्न नसतो. बियाणे-खतांच्या व्यापाऱ्याचे भांडवल मे-जूनमध्ये पेरणीच्या हंगामात अडकलेले असते, कापूस आणि सोयाबीनच्या व्यापाऱ्याचे दिवाळीच्या आगेमागे. स्लॅबनिहाय हप्ते आणि त्यावर वाढीव कामांची रक्कम नेमकी त्याच दिवसांत मागितली गेली तर ती दुकानातूनच उचलावी लागते. घरात अडकलेला पैसा हंगामात फिरत नाही. म्हणून प्रत्येक वाढीव कामाला एकच प्रश्न विचारावा : हे आज केले नाही तर पुढे करता येईल का?

या प्रश्नातून निवडीची एक साधी रीत निघते. जुने गवंडी कामाचे ‘ओले’ आणि ‘कोरडे’ असे दोन भाग मानतात. सिमेंट, पाणी, पाइप, वॉटरप्रूफिंग, फरशी, भिंतीतील वायरिंगच्या नळ्या हे ओले काम. फर्निचर, कपाटे, दिवे, पडदे, रंगाचा शेवटचा हात, मॉड्युलर ट्रॉल्या हे कोरडे. वाढीव पैसा ओल्या कामावर खर्च करावा आणि ते काम बिल्डरकडूनच करून घ्यावे. कोरडे काम ताबा मिळाल्यावर, हंगाम उलटल्यावर, आपल्या सुताराकडून करावे.

ओले काम बिल्डरकडूनच करून घेण्यामागे कायद्याचेही कारण आहे. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याच्या, म्हणजेच रेराच्या, कलम १४ नुसार ताबा दिल्यापासून ५ वर्षांच्या आत बांधकामातील दोष किंवा कारागिरी, दर्जा व सेवांमधील उणीव निदर्शनास आणली, तर बिल्डरने ती ३० दिवसांत विनामूल्य दुरुस्त करून द्यावयाची असते. परंतु ताब्यानंतर आपल्या माणसाने स्नानगृहाची फरशी उखडून नवे नळ बसवले आणि सहा महिन्यांनी खालच्या मजल्यावर ओल उतरली, तर दोष कोणाचा हा वाद सुरू होतो. त्या वादात घरमालकाची बाजू लंगडी पडते.

जालन्यात ओल्या कामाचा पहिला विषय पाणी. २०१२-१३ च्या दुष्काळात हे शहर टँकरवर कसे जगले, याची आठवण आजही घराघरांत आहे. पुढे जायकवाडीचे पाणी आले, तरी नळ रोज येईल असे गृहीत धरून येथे कोणी घर बांधत नाही. त्यामुळे भूमिगत हौदाची क्षमता हा पहिला वाढीव खर्च ठरतो. दिवसाला माणशी १३५ लिटर हे शहरी पाणीपुरवठ्याचे रूढ माप धरले, तर सात माणसांच्या एकत्र कुटुंबाला दिवसाला साधारण ९५० लिटर पाणी लागते. काटकसरीने ते ७०० वर आणले, तरी दहा दिवसांसाठी ७,००० लिटर हवेत. माहितीपत्रकातील तीन हजार लिटरच्या हौदाकडे या हिशेबाने पाहावे. खोदाई चालू असताना हौद मोठा करणे सोपे असते. अंगणात फरशी बसल्यावर ते जवळजवळ अशक्य होते.

दुसरे काम म्हणजे दुहेरी पाइपलाइन. बोअरचे पाणी बेसॉल्ट खडकातून येते आणि बहुतेक ठिकाणी जड असते. गीझरच्या कॉइलवर आणि शॉवरच्या छिद्रांवर पांढरा थर चढवणारे पाणी तेच. नळाचे पाणी स्वयंपाकघर आणि गीझरसाठी, बोअरचे फ्लश आणि अंगणासाठी, अशी वेगळी वाट भिंती उभ्या राहतानाच करून घेतली तर खर्च पाइपचा आणि थोड्या मजुरीचा. त्यासाठी गच्चीवर दोन स्वतंत्र टाक्यांची जागाही हवी. गच्चीवरचे पावसाचे पाणी बोअरजवळ मुरवण्याची नळीही याच वेळी टाकता येते.

तिसरे काम स्नानगृहातील वॉटरप्रूफिंग. येथे ‘महागडे रसायन वापरले’ या शब्दांवर समाधान मानू नये. टाइल बसण्यापूर्वी स्नानगृहात पाणी तुंबवून किमान ४८ तास ठेवायला सांगावे आणि खालून छत पाहावे. या चाचणीला पैसे लागत नाहीत, वेळ लागतो. म्हणूनच ती टाळली जाते.

स्नानगृहाचा विषय निघालाच आहे तर घरातील ज्येष्ठांचा विचार येथेच व्हावा. उंबऱ्याची पायरी नको, दरवाजा तीन फुटी हवा, टाइल खरखरीत हवी आणि कमोडशेजारच्या भिंतीत आधाराचा दांडा बसेल अशी भक्कम वीट हवी. आज घरात सगळे धडधाकट असले तरी हे घर वीस-तीस वर्षे वापरायचे आहे. चकचकीत टाइल ओली झाली की आजीबाईंच्या पायाखालून सरकते, आणि ती बदलायची तर पुन्हा वॉटरप्रूफिंगच फोडावे लागते.

स्वयंपाकघराच्या बाबतीत बिल्डरचा नकाशा सर्वसाधारण कुटुंबासाठी असतो, जैन गृहिणीच्या दिनक्रमासाठी नव्हे. चौविहार पाळणाऱ्या घरात चुलीचा मुख्य भर दुपारी चार ते सूर्यास्तापूर्वी असतो. नेमक्या त्या वेळी पश्चिमेच्या खिडकीतून जालन्याचे मे महिन्यातील ऊन ओट्यावर येते. तेव्हा परदेशी चिमणीपेक्षा खिडकीवरचे रुंद छज्जे, समोरासमोर हवा खेळेल अशी दुसरी झडप आणि एक्झॉस्टची जागा हे अधिक उपयोगी वाढीव काम. पाणी गाळण्याची आणि उकळून थंड करण्याची नित्याची सोय असेल तर जड पातेली उचलावी लागू नयेत म्हणून चुलीजवळच गुडघ्याएवढ्या उंचीचा दगडी कट्टा आणि त्याला निचरा हवा. हे ओटा घालतानाच सांगावे लागते. मॉड्युलर ट्रॉल्या मात्र खुशाल पुढच्या वर्षी बसवाव्यात.

जाळ्यांचा मुद्दा अनेक घरांत विसरला जातो. डास आणि किडे घरात आल्यावर फवारणी किंवा विजेची रॅकेट हाती घेण्यापेक्षा ते आत येऊच नयेत, ही अहिंसेला साजेशी आणि व्यवहारातही स्वस्त वाट आहे. त्यासाठी खिडकीच्या चौकटीत काचेच्या दोन पट्ट्यांबरोबर जाळीची तिसरी पट्टी आधीच मागावी. नंतर वेल्क्रोने चिकटवलेली जाळी दोन उन्हाळे टिकत नाही. प्रत्येक मोरीला झुरळरोधक जाळी, आणि ओलसर जागी लाकडाऐवजी ग्रॅनाइटची चौकट घेतली की वाळवीचा प्रश्न तेथे उद्भवतच नाही. औद्योगिक वसाहतीच्या वाऱ्याच्या दिशेला असलेल्या घरांत काळसर धूळही याच जाळ्या व खिडक्यांच्या रबरी पट्ट्या बऱ्याच अंशी अडवतात.

विजेच्या बाबतीत वायर नव्हे, नळी महत्त्वाची. वायर पुढे ओढता येते; नळी नसेल तर भिंत फोडावी लागते. प्रत्येक शयनकक्षात एसीची नळी आणि पाण्याचा निचरा, वाहनतळात विजेच्या गाडीसाठी स्वतंत्र जोडणी, आणि गच्चीपासून मीटरपर्यंत सौर पॅनेलसाठी मोकळी नळी एवढे मागावे. पॅनेल मात्र बिल्डरच्या यादीतून घेण्याची घाई नको. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॉट व त्यापुढील घरगुती संचाला ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान ठेवले गेले आणि ते वीजग्राहकाच्या नावे मिळते. मीटर स्वतःच्या नावावर झाल्यावर हे काम करणे सोयीचे.

स्टीलच्या गावातील एका गैरसमजाची दखल घेणे येथे आवश्यक आहे. मिलशी संबंध असलेल्या कुटुंबांत ‘सळई आपल्या घरची, जरा जास्तच टाका’ असा आग्रह धरला जातो. सळईचे प्रमाण हा अभियंत्याच्या गणिताचा विषय आहे. बीममध्ये गरजेपेक्षा अधिक सळई कोंबली तर ते वाकून इशारा देण्याऐवजी काँक्रीट अचानक चिरडून मोडू शकते, आणि दाटीमुळे काँक्रीट आत पोहोचतही नाही. लक्ष ठेवायचे ते दुसरीकडे : कॉलममध्ये सळईवर ४० मिलिमीटरचे आवरण राहते का, आणि काँक्रीटला पाणी किती दिवस मारले जाते. भारतीय मानक ४५६ नुसार कोरड्या, उष्ण हवेत साध्या सिमेंटच्या काँक्रीटला किमान १० दिवस ओलावा हवा आणि मिश्र सिमेंट असेल तर १४ दिवस ठेवावा. पाणीटंचाईच्या गावात एप्रिल-मे महिन्यात ओतलेल्या स्लॅबवर हे दिवस कापले जाण्याचा मोह मोठा असतो. क्युरिंगसाठी टँकरचे पैसे देण्याची वेळ आली, तरी तो घरातील सर्वांत चांगला वाढीव खर्च समजावा.

आता भावाकडे. वाढीव कामात फरक द्यायचा असतो, पूर्ण किंमत नव्हे. समजा, मूळ करारात चौरस फुटाला ५५ रुपयांची टाइल समाविष्ट आहे आणि कुटुंबाला ९० रुपयांची पसंत पडली. ८०० चौरस फुटांसाठी देणे ३५ रुपयांच्या फरकाने २८,००० रुपये होते, त्यात मोठ्या टाइलची जादा मजुरी मिळवावी. बिलात मात्र ७२,००० लिहिलेले आढळते, कारण न बसवलेल्या टाइलची वजावट कोणी मागितलेली नसते. पेढीवर बारदान्याचे वजन वजा केल्याशिवाय बिल न चुकवणाऱ्या माणसाला हे वेगळे सांगण्याची गरज पडू नये, पण पडते. नको असलेले नळ, वॉशबेसिन, दरवाजे यांचीही वजावट लिहून घ्यावी.

हे सारे ठरायचे ते करार नोंदवण्यापूर्वी. रेराच्या कलम १३ नुसार नोंदणीकृत करार होण्याआधी बिल्डर किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा अधिक रक्कम घेऊ शकत नाही. महाराष्ट्रातील करारनाम्यासोबत सोयी व साहित्याच्या तपशिलाचे परिशिष्ट असते. ठरलेले प्रत्येक काम ब्रँड, आकार, जाडी आणि दरासह तेथे यावे. ‘उत्तम दर्जाचे’ या शब्दाला कायद्यात वजन नाही. करारात आलेल्या कामावर मुद्रांक शुल्क वाढू शकते हे खरे, परंतु बँकेचे कर्जही त्याच रकमेवर मिळते. बांधकामाधीन घरावर जीएसटीचा दर २०१९ पासून साधारणतः ५ टक्के, परवडणाऱ्या घरांना १ टक्का आहे. वाढीव कामाचे वेगळे बिल केले तर दर वेगळा लागू शकतो. त्यामुळे आपल्या सनदी लेखापालाला आधी विचारणे बरे.

‘एक्स्ट्राचे रोख द्या, कमी करून देतो’ हा प्रस्ताव येतोच. पावती नसलेल्या कामाला पाच वर्षांची हमी कोणत्या कागदावर मागणार? शिवाय स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात २०,००० रुपये किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीने स्वीकारण्यास आयकर कायद्याची बंदी आहे.

लहान प्रकल्पांबाबत एक सावधगिरी. भूखंड ५०० चौरस मीटरपर्यंतचा असेल किंवा सदनिका आठपेक्षा अधिक नसतील तर रेरा नोंदणी सक्तीची नाही, आणि जालन्यातील अनेक रो-हाउसच्या योजना याच मापात बसतात. तेथे नोंदणी क्रमांक मिळणार नाही, म्हणून करारातील परिशिष्टाचे महत्त्व दुप्पट. भूखंड औद्योगिक विकास महामंडळाचा असेल तर जमीन भाडेपट्ट्याने असते, हस्तांतराला महामंडळाची परवानगी लागते आणि नकाशाही तेथूनच मंजूर होतो. अशा घरात एखादी भिंत हलवणे किंवा गॅलरी बंदिस्त करणे हे ‘एक्स्ट्रा’ नव्हे, नकाशातील बदल ठरते.

एक काम मात्र कोणत्याही यादीत नसते आणि फुकट होते. प्लास्टर चढण्यापूर्वी प्रत्येक भिंतीचे आणि स्लॅबखालील नळ्यांचे मोबाइलवर छायाचित्र घ्यावे, शेजारी मोजपट्टी धरून, म्हणजे कोपऱ्यापासून पाइप किती इंचांवर आहे ते दिसेल. छायाचित्रांच्या प्रती खोलीच्या नावासह करारनाम्याच्या फायलीत लावाव्यात. दोन वर्षांनी देवघराची फळी ठोकायला सुतार येईल तेव्हा ड्रिल कोठे धरायचे नाही, हे त्याला ती फाइल सांगेल.