ऑपरेशनची तारीख येईपर्यंत
भोर-वेल्ह्यात चढउतार तुडवत, भातलावणीत वाकून ज्यांचे गुडघे झिजले, त्यांचा सांधा बदलायचं ठरलं की घरचे त्यांना खाटेवरून उठूच देत नाहीत. या मायेनेच नुकसान होतं: मांडीचा स्नायू रोडावतो, ऑपरेशननंतर उभं राहणं लांबतं. डॉक्टरांना विचारून व्यायामाला सुरुवात करा. पाय ताठ ठेवून गुडघा अंथरुणावर दाबा, ५ आकडे मोजा, सोडा. असं १० वेळा, सकाळ-संध्याकाळ. दुसऱ्या दिवशीही दुखणं वाढलेलं असेल, तर संख्या कमी करा, व्यायाम सोडू नका. पावसात पायवाटा निसरड्या होतात, तेव्हा पडवीतच काठी घेऊन फेऱ्या मारा. १ किलो वजन उतरलं, तर पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे ४ किलोंनी घटतो. आणि घरच्यांनो, ‘आई, आज व्यायाम झाला का?’ हे रोज विचाराच.